लाडकी मी होते

मी नववीला मराठी शिकवते. दरवर्षी दिवाळीच्या सुटीआधी मुलांना एक गोष्ट लिहून आणायला सांगते. विषय ज्याचा त्यानं निवडायचा. पण वह्या तपासायला घेतल्या की चार-पाच गोष्टी तरी हमखास एकाच वळणाच्या निघतात. आईबापांचा एका लेकरावर जीव असतो, दुसऱ्याकडं कुणी बघत नाही. मग ते दुसरं लेकरू मोठं होऊन फौजदार किंवा डॉक्टर होतं, आणि म्हातारपणी आईबापांना त्याच्याच दारात यावं लागतं. मागच्या वर्षी अशी एक गोष्ट मी वर्गात वाचायला लावली. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी तोंड न उघडणारी पोर. म्हणाली, "बाई, गोष्टीत सगळे नावडत्याचंच लिहितेत. आवडत्याला काय वाटतंय ते कामून कुणी लिहीत न्हाई?"

वर्ग हसला. कुणीतरी ओरडलं, "त्याला काय वाटणार, मजाच की!" मीही हसले आणि तिला खाली बसवलं. पण त्या दिवशी उरलेल्या दोन तासांत मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. कारण आमच्या घरात आवडती मी होते.

आम्ही दोघी बहिणी. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आईला आम्ही माय म्हणायचो, वडिलांना अप्पा. गाव बिदरकडच्या सीमाभागात, मंठाळच्या अलीकडं. चार एकर रान, आणि आजोबांच्या मोठ्या कळपातून उरलेली दहा-बारा मेंढरं. घरात मराठी, शेजारी कानडी, बाजारात दोन्ही आणि वरून हैदराबादी उर्दू. अप्पा तिन्ही भाषा सारख्याच सफाईनं बोलायचे. माय उदगीरकडची. लग्न होऊन कितीतरी वर्षं झाली तरी तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं.

अक्का सात-आठ महिन्यांची असताना मायला छातीचा आजार झाला. लेकराला जवळ घ्यायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं. माय औषधपाण्यासाठी माहेरी गेली, आणि अक्काला अप्पांनी आपल्या बहिणीकडं नेऊन ठेवलं. या आत्याचं गाव चिंचोळीच्या बाजूला, सगळं कानडी. आत्याच्या लग्नाला नऊ वर्षं होऊन गेली होती आणि पाळणा हलला नव्हता. माय दोन वर्षांत बरी होऊन सासरी आली आणि लेकीला आणा म्हणून मागं लागली. अप्पा म्हणायचे, "आणू की. घाई कामून? बहिणीचं घर सुनं पडंल." पंचमीला आणू, दिवाळीला आणू, असं करत वर्षं गेली. मधे माझा जन्म झाला. मी दोन वर्षांची झाले, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना आत्याला मुलगा झाला. त्याचं बारसं झाल्यावर महिनाभरातच आत्यानं अक्काला आणून आमच्याकडं सोडलं. अक्का तेव्हा सहा वर्षांची होती.

तो दिवस मला आठवणं शक्य नाही. मला आठवतं ते त्यानंतरचं घर.

त्या घरात दुधावरची साय माझ्या भाकरीवर यायची. शेंगा भाजल्या की टपोऱ्या माझ्यापुढं सरकायच्या. रोज सकाळी माय मला पुढ्यात घेऊन वेणी घालायची, आणि घालता घालता माहेरच्या गोष्टी सांगायची. तिच्या भावांच्या, त्यांच्या आमराईच्या, एका खोडकर रेड्याच्या. अक्का आपली आपण वेणी घालायची. तिचा भांग नेहमी वाकडा असायचा. मायनं तिला उपाशी ठेवलं असं कधी झालं नाही. शिव्याही दिल्या नाहीत. पाहुण्यांच्या पोरीशी बोलावं तसं माय तिच्याशी बोलायची. "भाकर झालीय, जेवून घे." "मेंढरं सोड." "पाऊस यायलाय, सरपण आत घे." कामापुरतं. माझ्या पायात काटा मोडला तर अख्ख्या गल्लीला कळायचं. अक्काला एकदा विंचू चावला, तर ती एकटीच चालत शेजारच्या कानडी म्हातारीकडं गेली, उतारा घेऊन आली आणि परत कामाला लागली. मायला ते संध्याकाळी कळलं.

आपण लाडके आहोत हे लेकराला फार लवकर कळतं. आणि कळलं की ते वापरायलाही येतं. अक्काच्या मराठीला कानडी हेल होता. ती "आलीस" म्हणताना शेवटचं अक्षर लांबवायची. मी तिची नक्कल करायचे आणि गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. माय मात्र हसायची नाही. उठून आत जायची. मला वाटायचं, तिला अक्काचा राग येतो.

मी आठ वर्षांची असतानाची गोष्ट. एक मेंढी व्याली आणि मेली. तिचं कोकरू अक्कानं वाढवलं. शेजारच्या शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून, पोत्यात गुंडाळून, दिवसा काखेत घेऊन. ते तिच्या मागं मागं हिंडायचं. आम्ही सगळे त्याला अक्काचं लेकरूच म्हणायचो. वेळ अमावस्येच्या सणाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी रानात होतो. अक्का मला म्हणाली, "मी पाणी घेऊन येते. ह्याच्यावर ध्यान ठेव. तिकडं जाऊ देऊ नको."

तिकडं म्हणजे काढलेल्या ज्वारीच्या रानात. ज्वारी कापल्यावर बुडख्यातून कोवळे हिरवे फुटवे येतात. ते जनावराला विष असतात, हे आमच्याकडं चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण बांधापलीकडच्या चिंचेखाली माझ्या मैत्रिणी जमल्या होत्या, आणि मी गेले.

अक्का परत आली तेव्हा कोकरू फुटव्यांत आडवं पडलं होतं. तोंडाला फेस, पाय ताठ. अक्का त्याला उचलून पळत घरी आली. मी मागून. अंगणात ठेवेपर्यंत ते गेलं होतं.

माय बाहेर आली. "कुणी सोडलं ह्याला तिकडं?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

मी म्हणाले, "मला ठाव न्हाई. अक्का राखायली होती."

मायनं शेवरीची ओली फोक घेतली. अक्का हलली नाही, ओरडली नाही, आणि माझं नावही तिनं घेतलं नाही. तीन-चार फटक्यांनंतर मायच दमली आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या घरचं वळण. हिला काय आपल्या घरचं!" अप्पा गोठ्याच्या दारात उभे होते. नंतर त्यांनी खोरं घेतलं आणि अक्काला सोबत नेऊन कोकरू बांधाला पुरलं.

घरात सणाच्या शेंगदाण्याच्या पोळ्या झाल्या होत्या. अक्का जेवायला आली नाही. तिच्या वाट्याची पोळीही मायनं माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली. सगळी खाल्ली, आणि ती मला गोड लागली. ती घशाखाली उतरली नाही असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. घशात अडकायला लागली ती पुढं पंचवीस-तीस वर्षांनी.

अक्काला कानडी येत होती म्हणून ती कानडी शाळेत जायची. माझं नाव मात्र मायनं हट्टानं मराठी शाळेत घातलं. अप्पा म्हणाले, "दोघी एका शाळेत जातील की." माय म्हणाली, "माझी एक तरी लेक माझ्या भाषेत शिकू दे." सातवीनंतर अक्काची शाळा सुटली, कारण पुढची शाळा लांब होती आणि मेंढरांमागं कुणीतरी लागत होतं. माझी दहावी झाली तेव्हा कॉलेज त्याहून लांब होतं, पण मायनं मला उदगीरला मामाकडं पाठवलं. मी शिकले, मास्तरीण झाले.

अक्काचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. औराद तालुक्यातल्या संतपूरला दिलं. लग्नात मायनं कशाची कमी पडू दिली नाही, सगळं रीतीनं केलं. निघताना अक्का पाया पडली, मायनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "नीट ऱ्हा." एवढंच. माझ्या लग्नात मायला रडून रडून चक्कर आली आणि मांडवात धावपळ झाली. तेव्हा अक्कानंच तिला वाऱ्याला बसवून पाणी मारलं.

संतपूरला अक्काचं बरं चाललं. सोयाबीन, तूर, आणि घराला लागून पिठाची गिरणी. तिच्या कानडी शाळेचा तिथं उपयोग झाला. आमच्याकडं घरात मराठी असली तरी सरकारी कागद कानडीत येतात, आणि गावातल्या मराठी, तेलुगू बोलणाऱ्या बाया ते घेऊन तिच्या गिरणीवर येतात. ती डोळ्यांवर चष्मा चढवून वाचून दाखवते, कुठं सही करायची ते सांगते. गावात तिचा शब्द चालतो. हे सगळं मला कळायचं ते तिच्या नवऱ्याकडून, कधीतरी फोनवर. आम्ही दोघी सणावाराला भेटायचो, चांगलं बोलायचो, आणि कशाबद्दलच बोलायचो नाही.

सहा वर्षांपूर्वी अप्पा गेले. माय कुठं राहणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. ती माझ्याकडं बसवकल्याणला आली. मी तिचे लाड केले, तिनं माझे केले तसेच. नवरा म्हणायचा, "तुम्ही दोघी बोलायला लागलात की घरात मी पाहुणा वाटतो." सगळं बरं चाललं होतं. मग मागच्या वर्षी हिवाळ्यात आमच्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं.

तिला कलबुर्गीला नेलं. ऑपरेशन झालं. दवाखान्यात पंधरा दिवस तरी राहावं लागेल असं सांगितलं. माझ्या शाळेत परीक्षा, नवऱ्याची नोकरी, मुलाचं बारावीचं वर्ष. मी अक्काला फोन केला. मला म्हणायचं होतं, दोन दिवस येतीस का. मी पुरतं बोलायच्या आधीच ती म्हणाली, "यायलाव." दुसऱ्या दिवशी दुपारी ती एक पिशवी घेऊन उतरली. गिरणी जावेवर सोपवून आली होती. मला म्हणाली, "तू जा शाळेला. मी हाय."

मी शनिवार-रविवार जायचे. बाकीचे दिवस अक्का एकटी. मायला उठवणं, बसवणं, अंग पुसणं, भांडं देणं, सगळं ती करायची. तिथं सगळा कारभार कानडीत. नर्सांशी, डॉक्टरांशी तीच बोलायची, आणि चार दिवसांत त्या वॉर्डातल्या आणखी तीन म्हाताऱ्यांची चौकशीही तिच्याकडं आली होती.

दुसऱ्या आठवड्यातला शनिवार. मी दुपारी पोचले. वॉर्डाचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि आत मायचा आवाज येत होता. "धाकटी कधी येणार हाय?"

"आज शनवार हाय. येईल आता," अक्का म्हणाली. ती मायच्या टाचेला तेल चोळत होती.

"आली की तिला माझ्याजवळ बसू दे. मला दुसऱ्या कुणाचा हात नको वाटतो."

अक्काचे हात थांबले नाहीत. "बरं," ती म्हणाली. "पाय हालवू नको."

मी आत गेले. मला बघून मायचा चेहरा उजळला. मी आले की तो नेहमीच तसा उजळायचा, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते बघवलं नाही. अक्कानं हात पुसले, थर्मास घेतला आणि चहा आणायला खाली गेली. ती जिना उतरेपर्यंत मी थांबले.

"माय, बारा दिवस झाले ती तुझं सगळं करायली. आन् तू तिच्या तोंडावर म्हणतीस, दुसऱ्या कुणाचा हात नको?"

मायनं पांघरूण वर ओढलं.

"जन्मभर तू तिच्याशी अशीच वागलीस. कामून? काय केलंतं तिनं?"

"तिनं काय बी केलं न्हाई," माय म्हणाली. तिनं पांघरुणाची किनार चिमटीत धरली. "तुला न्हाई कळायचं."

"मग सांग की. कळंल असं सांग."

आणि मग मायनं सांगितलं. माझ्याकडं न बघता, पंख्याकडं बघत.

"ती आली त्या दिवशी मी पहाटेपासून वाट बघायली होते. गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. तुझ्या आत्यानं तिला ओट्यावर बसवलं आन् म्हणाली, माझी बस हाय, तान्हं घरी ठिवून आलाव. गेली. मी पोरीला जवळ घ्यायला गेले तर ती अव्वा, अव्वा करत रस्त्याकडं पळायली. अव्वा म्हणजे आई, तेवढं मला ठाव होतं. धरून आणलं. मग रडायली. नीर, नीर म्हणायली. मला काय कळंना. पोळी दिली, फेकली. तुझी बाहुली दिली, फेकली. घरात मी आन् तू, तुझे अप्पा आत्याला सोडायला गेलते. दुपारभर नीर, नीर. शेवटी शेजारची म्हातारी आवाज ऐकून आली आन् म्हणाली, अगं बाई, लेकरू पाणी मागायलंय."

माय थांबली.

"तांब्याभर पाणी घटाघटा पिली. त्या म्हातारीच्या हातून. माझ्या हातचं घेतली न्हाई. माझ्या पोटची पोर माझ्यापुढं बसून तहानेनं तळमळायली, आन् मला कळलं न्हाई. त्या दिवसापास्नं तिच्याकडं बघितलं की मला माझीच लाज वाटायची. तू रडलीस की मला कळायचं, भूक लागली का झोप आली. मग मी तुझ्याकडंच वळले. तुझ्यासंगं सोपं होतं."

"आन् परक्या घरची म्हणून तिला बोलायचीस ते?"

"लोक म्हणायच्या आधी मीच म्हणायची," माय म्हणाली.

एवढ्यात अक्का चहा घेऊन आली. मायनं तोंड भिंतीकडं केलं. अक्कानं दोघींकडं बघितलं. तीन कप भरले, आणि मायला बशीत ओतून, फुंकून, पाजला.

मला तेव्हा मायचा राग राहिला नाही. पोरीला स्वतःपासून दूर ठेवलं तेव्हा माय वीस-एकवीस वर्षांची होती, आजारी होती, आणि ते तिच्या मनानं झालेलं नव्हतं. पोर परत आली तेव्हा कुणी मायला दोन कानडी शब्द शिकवले नाहीत, की अक्काला कुणी सांगितलं नाही की ही तुझी आई. अप्पांना दोन्ही भाषा येत होत्या. ते मधे बसून दोघींचं एकमेकींना सांगू शकले असते. पण त्यांना वाटलं असणार, आई-लेकीचं आहे, जुळेल आपोआप.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय झोपलेली असताना आम्ही दोघी दवाखान्याच्या आवारात लिंबाखालच्या कट्ट्यावर बसलो होतो. अक्कानं इडली आणली होती. मी तिला मायनं सांगितलेलं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मधे एकदा इडलीचा तुकडा चटणीत बुडवून तसाच हातात धरला, पण खाल्ला नाही.

"मला ते पाण्याचं आठवत न्हाई," ती शेवटी म्हणाली. "मला आत्याचं आठवतंय. ती म्हणाली होती, जत्रेला जाऊ. मला नवं परकर-पोलकं घातलं होतं. मी सगळ्या वाटंनं विचारायली होते, जत्रा कुठं हाय."

मी म्हणाले, "तुला मायचा राग येत न्हाई?"

"न्हाई गं. मायवर मी कधी रुसलेच न्हाई. रुसायला आधी आपलं वाटावं लागतंय. मी आत्यावर रुसले होते. लई वर्षं." मग जरा हसली. "ती मेल्यावर बी."

आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही असं वाटलं, म्हणून मी कोकराचं काढलं. म्हणाले, "त्या दिवशी मी चिंचेखाली खेळायला गेले होते. मी खोटं बोलले. तू मार खाल्लास."

"मला ठाव हाय की. मी बघितलं होतं तुला, पाणी घेऊन येताना."

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

"सांगून कुणी ऐकणार होतं?" हे ती रागानं म्हणाली नाही. आज सोमवार आहे म्हणावं तसं म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "माराचं काय न्हाई. मार विसरला. पण ते कोकरू माझं होतं. त्या घरात तेवढं एकच माझं होतं."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं धरू दिला, पण थोडाच वेळ. मग "माय उठली असंल" म्हणून उठली आणि आत गेली. तिनं मला माफ केलं की नाही हे मला त्या दिवशी कळलं नाही. आजही नक्की सांगता येणार नाही. पण त्या दिवसानंतर ती मला फोन करू लागली. आधी कधी करत नव्हती.

दवाखान्यातून सुटी मिळायच्या दिवशी माय म्हणाली, "मी धाकटीकडं जाते."

अक्का गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरत होती. मान वर न करता म्हणाली, "तिच्याकडं जिना हाय. माझ्याकडं चल."

माय माझ्याकडं बघू लागली. मला वाटलं, आता मी काहीतरी म्हणावं अशी तिची अपेक्षा आहे, आणि मी म्हणाले, "अक्काकडं जा, माय." तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला अजून डोळ्यांपुढून हलवता येत नाही. मी तिला टाकलं असं तिला वाटलं. संतपूरच्या वाटेवर गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली.

पहिला महिना तिचे रोज फोन. पिठाची धूळ नाकात जाते. गिरणीच्या आवाजानं डोकं दुखतं. अक्का पहाटे उठवून चालायला लावते. जावयापुढं पाय पसरून बसायला लाज वाटते. मला घेऊन जा. मी फोन ठेवून डोळे पुसायचे आणि पुढच्या तासाला जायचे. दुसऱ्या महिन्यात तक्रारी बदलल्या. "ती कुणाचं ऐकत न्हाई," माय म्हणायची. "लई हट्टी हाय. मी म्हणते ह्या बाईचा कागद आधी वाच, ती किती येळची बसलीय, तर म्हणते, तू मधे बोलू नको." मला आधी लक्षात आलं नाही. मग एकदा ऐकता ऐकता आलं. एवढ्या वर्षांत मायनं अक्काबद्दल माझ्याकडं कधी तक्रारसुद्धा केली नव्हती. पाहुण्यांच्या पोरीबद्दल कोण तक्रार करतं?

मागच्या आषाढातल्या एका रविवारी मी न कळवता गेले. अंगणातच आवाज ऐकू आला. दोघी भांडत होत्या, चांगल्या वरच्या पट्टीत.

"कालवणात मिठाचा खडा न्हाई. ढोरांना बी कुणी असं घालत न्हाई."

"डॉक्टरनं सांगितलंय कमी घाल म्हणून."

"डॉक्टरला काय कळतंय? दे मीठ इकडं."

"न्हाई देत."

"देतीस का उठू मी?"

"ऊठ की! काठी घेऊन ऊठ, तेवढंच चालणं व्हईल."

मी दारात उभी. माय पाटावर नाही, खुर्चीवर बसली होती, ताट मांडीवर, गाल लाल झालेले. अक्का मिठाचा डबा पाठीमागं धरून उभी. माय माझ्याकडं बघून म्हणाली, "आलीस का? बस." आणि परत अक्काकडं वळली. "तुझ्या सासूनं तुला हेच शिकवलं व्हय?"

"न्हाई, हे माझं मीच शिकले."

मी कोपऱ्यात बसले. दिवसभर असंच चाललं होतं. तुरीच्या डाळीवरून, ओल्या कपड्यांवरून, पंख्यावरून. कुणीच कुणाला सोडत नव्हतं. मायच्या आवाजात मी कधी न ऐकलेला एक जोर होता. माझ्याशी ती कधी भांडलीच नव्हती. आम्हा दोघींत भांडायला जागाच नव्हती.

चार वाजता मी निघाले. एरवी निघताना माय माझा हात धरून ठेवते आणि दोनदा तरी विचारते, आता कधी येशील. त्या दिवशी ती अक्काला वाळवणाबद्दल काहीतरी सांगत होती. मी पाया पडले, तर पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जा, बस चुकंल," आणि पुन्हा वाळवणाकडं.

मला काय झालं ते मलाच कळेना. हेच तर मला हवं होतं. यासाठीच मी तिला इथं पाठवलं होतं. तरी फाट्याकडं चालताना मी पदरानं डोळे पुसत होते. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, पोरगं कॉलेजात जायला निघालेलं, आणि मला धाकट्या पोरासारखं वाईट वाटत होतं. हे दुखणं माझ्या ओळखीचं नव्हतं. अक्का ते सहाव्या वर्षापासून सांभाळत आली होती.

ती मागून आली, हातात तुरीच्या डाळीची पिशवी. "ही विसरलीस." माझ्या तोंडाकडं बघितलं. "काय झालं?"

"काय न्हाई."

"वाईट वाटलं व्हय?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण तिच्याशी आता नको होतं. "व्हय," मी म्हणाले.

अक्कानं पिशवी माझ्या हातात दिली. रस्त्याकडं बघत, तोंडातल्या तोंडात हसत म्हणाली, "वाटू दे थोडं."

मग मलाही हसू आलं. डोळ्यांत पाणी होतंच. औरादकडून बिदरची बस येताना दिसली तशी तिनं पुढं होऊन हात केला, कंडक्टरला कानडीत काहीतरी सांगून मला पुढची जागा मिळवून दिली, आणि खिडकीशी येऊन म्हणाली, "पुढच्या बारीला पोराला बी घेऊन ये. माय त्याच्यावर लई चिडलीय, फोन करत न्हाई म्हणून."